उंदराच्या पेशी आणि अर्नाळ्याचा बर्फ

आमच्या निर्मळमध्ये टिशू कल्चरची केळी आली त्या वर्षी माझा भाव एकदम वधारला. शेजारच्या वाडीचे गजाननभाऊ एका रविवारी सकाळी ओटीवर येऊन बसले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं केळीचं रोप, पानं पिवळी पडलेली.

"वासंती, तू टिशू कल्चरमध्येच आहेस ना? मग याला काय झालंय ते बघ."

"भाऊ, मी त्यातली नाही. मी उंदराच्या पेशी वाढवते."

"उंदराच्या? वाढवायच्या कशाला? आम्ही इथे मारून मारून थकलो."

रोप मात्र त्यांनी नेलं नाही. संध्याकाळी आमच्या ह्यांनी बघून सांगितलं की मुळाशी पाणी तुंबतंय, चर काढा. भाऊंनी चर काढला, केळ सुधारली, आणि गावात बोलबाला झाला तो माझा. मी 'लॅबमध्ये केळीवर संशोधन करणारी' ठरले. पुढे कित्येक वर्षं लोक मला वाटेत अडवून वेलची केळीवरच्या करपा रोगाबद्दल विचारायचे आणि मी ते प्रश्न घरी येऊन ह्यांना विचारायची. माझी नोकरी आणि त्यांची वाडी यांचं एवढं जमलेलं सहकार्य दुसरं नाही.

(आमच्या घरची बोली वेगळी आहे. ती इथे लिहिली तर बाहेरच्या माणसाला अर्धी कळायची नाही, म्हणून सगळ्यांच्या तोंडी साधी मराठीच घालते आहे.)

खरं काम काय होतं ते सांगते. मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत मी पेशी वाढवण्याच्या विभागात होते. नव्वदच्या दशकात आम्ही साध्या पेशी वाढवायचो. कातडीच्या, यकृताच्या, गाठींच्या. त्या तशा सोशिक असतात. दोन दिवस दुर्लक्ष झालं तरी रुसत नाहीत. दोन हजार साल उलटल्यावर आमच्या सरांनी बाहेरून भ्रूणातल्या मूळपेशी आणवल्या, इंग्रजीत ज्यांना स्टेम सेल म्हणतात त्या, आणि माझी झोप गेली.

उंदराचा गर्भ अगदी सुरुवातीला थोड्याशा पेशींचा चेंडू असतो. त्यातल्या आतल्या पेशी पुढे काहीही होऊ शकतात. हृदय, हाड, कातडी, मेंदू, काय म्हणाल ते. त्या वेळी त्या बाहेर काढल्या आणि नीट खुराकावर ठेवल्या, तर त्या काहीच न होता तशाच्या तशा वाढत राहतात. त्या तशा राहाव्यात हे बघणं माझं काम. काचेसारख्या प्लास्टिकच्या बशीत तळाशी दुसऱ्या पेशींचा थर अंथरायचा, त्यावर या सोडायच्या, वरून गुलाबी रंगाचा द्रव घालायचा आणि बशी अंगाच्या उबेइतक्या गरम पेटीत ठेवायची. तो द्रव रोज बदलावा लागतो. रोज म्हणजे रोज. रविवारी, पंधरा ऑगस्टला, लक्ष्मीपूजनाला. एक दिवस चुकला तरी पेशी बिघडायला लागतात.

बिघडलेल्या कशा ओळखायच्या? निरोगी पेशींचे पुंजके सूक्ष्मदर्शकाखाली गोल, फुगीर दिसतात, कडा चकचकीत. बिघडले की चपटे होतात, कडेने पाय फुटल्यासारखे पसरतात. म्हणजे समजायचं, पेशींनी काहीतरी व्हायचं ठरवलं. एकदा ठरवलं की आमच्या कामातून गेल्या.

हे सगळं मी एकदा सासूबाईंना सांगत होते. त्या पाटावर बसून जास्वंदीच्या कळ्या निवडत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "म्हणजे तिला हृदय होता येतं, मेंदू होता येतं, सगळं येतं."

"हो."

"मग होत का नाही?"

आमच्या सरांनी ज्या प्रश्नासाठी एवढी यंत्रं मागवली होती तोच प्रश्न. मी त्यांना सांगितलं की प्रत्येक पेशीत सगळ्या कामांच्या सूचना असतात, हृदय कसं व्हायचं, मेंदू कसं व्हायचं. त्यांना जनुकं म्हणतात. काही प्रथिनं त्या सूचनांवर बसून राहतात आणि त्या वाचूच देत नाहीत. इंग्रजीत त्यांना रिप्रेसर म्हणतात. आम्ही प्रयोगशाळेत मराठीत बोलताना 'दाबणारी' म्हणायचो. ती दाबून बसलीत म्हणून पेशी थांबून आहे. आमच्या सरांना बघायचं होतं की त्यातलं एक दाबणारं प्रथिन काढून घेतलं तर काय होतं.

"काय होणार?" सासूबाई म्हणाल्या. "सगळ्या एकदम सुटतील." आणि कळ्यांची परडी घेऊन आत गेल्या.

या प्रश्नावर पीएचडी करायला आमच्याकडे जेसिंता आली. उंच, सडपातळ, बोलायला घाबरणारी मुलगी. पहिल्या आठवड्यात ती माझ्याशी इंग्रजीतच बोलायची, आणि मीही माझ्या परीने इंग्रजीत उत्तर द्यायची. एक दिवस दुपारी तिच्या आईचा ऑफिसात फोन आला. जेसिंता हळू आवाजात बोलायला लागली आणि माझ्या हातातली नळी तशीच राहिली. ती आमच्या घरची बोली बोलत होती! फोन ठेवल्यावर मी तिला त्याच बोलीत विचारलं, "कुठल्या गं तुम्ही?"

तिचे डोळे एवढे मोठे झाले. "नंदाखाल. आणि मॅडम, तुम्ही?"

"निर्मळ. आणि मॅडम नको."

ती ख्रिस्ती, आम्ही हिंदू, पण पिढ्यान् पिढ्या बोली एकच. तेव्हापासून मी तिची वासंतीताई झाले. आम्ही दोघी कामाच्या खोलीत आमच्या बोलीत सुरू झालो की आमचे सर, जे पुण्याचे, दारात उभे राहून ऐकायचे आणि म्हणायचे, "मराठीच आहे ना ही? मग मला का कळत नाही?"

आमचा एक करार झाला. पेशींना सणवार नाहीत, पण आमचे सण वेगवेगळ्या दिवशी येतात, ही देवाची कृपा. दिवाळी, गणपती, आमच्या निर्मळची जत्रा, त्या दिवशी खुराक जेसिंता घालणार. नाताळ, गुड फ्रायडे, ईस्टर मी घालणार. नाताळच्या दिवशी मी रिकाम्या इमारतीत एकटी काम करायची आणि दुसऱ्या दिवशी ती मला नंदाखालहून डबाभर केक आणि खोबऱ्याच्या वड्या आणायची. दिवाळीत आमचा फराळ उलट्या दिशेने जायचा. बाकीच्या प्रयोगशाळांत सुट्टीच्या दिवशी कोण येणार यावरून भांडणं व्हायची. आमच्याकडे कधी झाली नाहीत.

जेसिंताने पहिला मोठा प्रयोग केला तेव्हा तिला येऊन दीडेक वर्ष झालं होतं. पेशीत एक छोटा रेणू सोडायचा, तो ते दाबणारं प्रथिन तयारच होऊ देत नाही. शेजारी तशीच दुसरी बशी ठेवायची, तिला हात लावायचा नाही. मग दोन्हींत काय फरक पडतो ते बघायचं. चारपाच दिवसांनी पुंजके चपटे व्हायला लागले. आणखी काही दिवस गेले, आणि एका सकाळी जेसिंता सूक्ष्मदर्शकावरून डोकं न उचलता म्हणाली, "ताई, हे हलतंय."

मी डोळा लावला. बशीच्या मधोमध एक छोटा ठिपका धडधडत होता. आकसायचा, सुटायचा, आकसायचा, सुटायचा. हृदयाच्या पेशी. नुसत्या प्लास्टिकच्या बशीत, छाती नाही, रक्त नाही, आणि ठोके चालू.

मी पुष्कळ वर्षं पेशी पाहिल्या होत्या, पण त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला. बातमी मजल्यावर पसरली. इतर प्रयोगशाळांतले लोक आले, ऑफिसातले आले, कॅंटीनचा शेट्टी चहाची किटली बाहेर ठेवून आला. दारावरचा वॉचमन बघून झाल्यावर हात जोडून गेला. सरांनी पेढे मागवले.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीप्रमाणे सगळ्या बशा एकेक करून तपासत होते. हात न लावलेली बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. त्यातले पुंजकेसुद्धा चपटे होत होते. मी फिरवून फिरवून पाहिलं. कडेला एक ठिपका हळूच धडधडत होता.

जेसिंताला बोलावलं. तिने पाहिलं आणि ती स्टुलावर बसली. ज्या बशीतलं प्रथिन काढलेलंच नव्हतं तिथेही तेच घडलं होतं, म्हणजे प्रथिनाचा यात काही संबंध नाही. दुसरंच काहीतरी पेशींना बिघडवत होतं. पेढे खाऊन झाले होते.

शोधून काढायला बरेच दिवस गेले. दोष निघाला सीरममध्ये. सीरम म्हणजे वासराच्या रक्तातून काढलेलं पिवळसर पाणी, पेशींचा मुख्य खुराक. परदेशातून गोठवलेलं येतं. प्रत्येक लॉट वेगळा. एका लॉटवर पेशी गुण्यागोविंदाने राहतात, दुसऱ्यावर बिघडतात, आणि बाटलीकडे बघून काही कळत नाही. आमचा जुना लॉट संपून नवा सुरू झाला होता, तो या पेशींना मानवला नव्हता. चूक कोणाचीच नव्हती. म्हणून तर जास्त राग आला. रागवायला माणूस तरी हवा होता.

इथे पारेखभाईंची एंट्री. सीरम विकणाऱ्या कंपनीचे ते प्रतिनिधी. गोरे, गोल, सतत घामाघूम. हापूस विकणारा जसा पेटी उघडून वास घ्यायला लावतो, तसे ते सीरमबद्दल बोलायचे. "मॅडम, एकदा लावून तर बघा. असा माल परत येणार नाही." आम्ही त्यांच्याकडून वेगवेगळ्या लॉटचे नमुने मागवले, प्रत्येकावर पेशी वाढवल्या आणि त्यातून एक निवडला. त्यावर पुंजके असे गोल राहिले की मोत्यांनी हेवा करावा. सरांनी त्या लॉटच्या जेवढ्या बाटल्या शिल्लक होत्या तेवढ्या सगळ्या राखून ठेवायला सांगितल्या. जेसिंताची शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी संपत होती. तिचा पूर्ण प्रयोग आता त्या बाटल्यांवर उभा होता. त्या गेल्या तर पुन्हा नमुने, पुन्हा चाचण्या, आणि तेवढा वेळ तिच्याकडे नव्हता.

बाटल्या श्रावणात आल्या. नुकतीच नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. विमानतळावर कस्टमने पेटी अडवून धरली आणि सोडली ती शुक्रवारी संध्याकाळी, आमचं भांडार बंद झाल्यावर. पारेखभाई राहायचे नालासोपाऱ्याला, तुळिंजला. त्यांनी पेटी घरी नेली, सोमवारी आणून देतो म्हणाले. घरच्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात बर्फ जमतो, तिथे दोन दिवस आरामात राहतील.

शुक्रवारी रात्रीपासून पाऊस ओतायला लागला. शनिवारी सकाळी रुळांवर पाणी आलं, गाड्या बंद. माझा फोन वाजला.

"मॅडम, डीपी उडाली."

"कसली डीपी?"

"आमच्या लाइटची! सगळा तुळिंज अंधारात. वायरमन म्हणतो पाणी उतरल्याशिवाय हात लावणार नाही. काय करू?"

"फ्रिज उघडू नका," मी म्हणाले. "अजिबात उघडू नका. मी येते."

येते म्हटलं खरं, पण करायचं काय? सीरम वितळलं तर एकवेळ चालतं, पण थंडच राहायला हवं. ऊब लागली की संपलं. बर्फ हवा होता, आणि तोही भरपूर. मी नंदाखालला जेसिंताला फोन लावला. ती लगेच म्हणाली, "ताई, अर्नाळा."

मासळीचा बर्फ! अर्नाळ्याला होड्यांसाठी बर्फाचा कारखाना होता. मला सुचलं नाही, कारण आमच्या घरात मासळीचा विषयच नाही. आमच्या ह्यांनी मुकाट्याने रेनकोट चढवला आणि स्कूटर काढली. मी मागे बसले.

कारखान्यात एक म्हातारे कोळी काका बसले होते. पुन्हा समुद्रावर जायला लागलेल्या होड्या या पावसाने परत किनाऱ्याला लागल्या होत्या, त्यामुळे बर्फ होता आणि गिऱ्हाईक नव्हतं. मी थर्मोकोलचा खोका आणि भरपूर बर्फ मागितला.

"मासली कोनती हाय?" काकांनी विचारलं. "पापलेटला बारीक फोडून देतो, मोठ्या मासलीला ढेकूल चालतं."

मी जरा अडखळले. "मासळी नाही. औषध आहे. महत्त्वाचं आहे."

"मंग आदी सांगायचं ना!" काका उठले. "बारीक घ्या, आनि वर मीठ मारा. मीठ मारलं की थंडी अजून चढते." त्यांनी स्वतः बर्फ फोडून दिला, मिठाची पिशवी दिली आणि त्यातल्या त्यात कमी वासाचा खोका शोधून दिला. कमी म्हणजे बोंबलाचा होता.

स्कूटर नालासोपारा पश्चिमेला ठेवून आम्ही पूल ओलांडून पूर्वेला उतरलो. तुळिंजच्या रस्त्याला गुडघाभर पाणी. आमचे हे खोका डोक्यावर घेऊन पुढे, मी साडी खोचून मागे. पारेखभाई दुसऱ्या मजल्यावर राहायचे. दार त्यांच्या बायकोने उघडलं. आत फ्रिज दिसलाच नाही. दिसला तो गोधड्यांचा ढीग. पारेखभाईंनी घरातल्या सगळ्या गोधड्या, चादरी, एक गादीसुद्धा फ्रिजला गुंडाळून दोरीने बांधली होती आणि स्वतः पुढ्यात खुर्ची टाकून बसले होते.

"ताई, ह्या माणसाने मला सकाळपासून दूध पण काढू दिलं नाय," बायको म्हणाली. "कोरी चा पितोय आमी."

"मॅडमने सांगितलं उघडायचं नाय," पारेखभाई म्हणाले. अगदी सीमेवरच्या जवानासारखे.

दोरी सोडली, गोधड्या उतरवल्या, दार उघडलं. बाटल्यांच्या कडा नुकत्या पाझरायला लागल्या होत्या, मधे गोळा घट्ट होता. एकेक पुसून पिशव्यांत घातली, खोक्यात बर्फावर रचली, वर बर्फ, वर मीठ. पारेखबाईंनी त्या उघड्या दारातून आधी दुधाचं पातेलं बाहेर काढलं आणि आम्हाला दुधाचा चहा पाजूनच सोडलं.

खोका घेऊन निर्मळला आलो तर सासूबाई पायरीवर उभ्या. वास त्यांना खोक्याच्या आधी पोचला होता.

"हे काय आणलंस?"

"औषध आहे, आई. जेसिंताच्या प्रयोगाचं. सोमवारपर्यंत ठेवायचंय."

"औषधाला बोंबलाचा वास येतो? आत आणायचं नाही." मग जरा थांबून, "आणि त्या पोरीचं नुकसान पण व्हायला नको. तिच्याकडेच नेऊन दे की. त्यांच्याकडे चालतो वास."

असा तो खोका नंदाखालला जेसिंताच्या घरी गेला. तिच्या वडिलांनी तो देवाच्या तसबिरीखालच्या गार कोपऱ्यात ठेवला. पोत्यांनी झाकला आणि रविवारभर पाणी काढून नवा बर्फ, नवं मीठ घालत राहिले. सोमवारी गाड्या सुरू झाल्या. आम्ही दोघींनी खोका आमच्या थंड खोलीत नेऊन ठेवला तेव्हा आतलं सीरम हिमासारखं गार होतं. पेशींवर घालून पाहिलं. पुंजके गोल. जेसिंता माझ्या गळ्यातच पडली. खोका मात्र पुढे कित्येक महिने तिथेच राहिला, आणि सर रोज नाक मुरडून विचारायचे, "इथे कोणी डबा विसरलंय का?"

आता प्रयोग नीट झाला. हात न लावलेल्या बशीतले पुंजके गोलच्या गोल. दाबणारं प्रथिन काढलेल्या बशीत पेशी पसरल्या, पण आमच्या अपेक्षेप्रमाणे नाही. आम्हाला वाटलं होतं काही हृदय होतील, काही मेंदू. जेसिंताने तपासलं तर एकाच पेशीत हृदयाच्याही खुणा, मेंदूच्याही, आतड्याच्याही. सगळ्या सूचना एकदम वाचल्या गेल्या होत्या आणि धड काहीच होता येत नव्हतं. बऱ्याचशा तशाच मरून गेल्या. थांबवणारं कोणी नसलं की पेशी मोकळी होईल असं मीही धरून चालले होते. ती गोंधळली.

निबंध लिहून परदेशी नियतकालिकाला पाठवला. तिथल्या तज्ज्ञांनी एक अट घातली: हे त्या एका प्रथिनामुळेच होतंय याचा पुरावा द्या, ते परत घालून पेशी सावरतात का दाखवा. जेसिंताने अशा पेशी तयार केल्या की एक औषध घातलं की त्यांच्यात ते प्रथिन पुन्हा बनू लागेल. पुन्हा आठवडेच्या आठवडे गेले.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण ती मला अजून टोचते. आमचा निबंध छापून येण्याआधी महिनाभर परदेशातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेचा जवळजवळ तसाच निबंध आला. त्यांच्याकडे माणसं पुष्कळ, यंत्रं पुष्कळ, आणि त्यांना सीरम कस्टममध्ये अडकत नसावं. पहिला मान त्यांना गेला, आम्ही दुसरे. सर म्हणाले, "दोघांना तेच दिसलं, म्हणजे ते खरं आहे." बोलले बरोबर, पण त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही. तो खराब लॉट मधे आला नसता तर, असं मला आजही वाटतं.

पण मला सांगायचं आहे ते त्याआधीचं. जेसिंताचं लग्न नाताळनंतरच्या आठवड्यात ठरलं होतं. मुलगा विल्सन, आगाशीचा, बँकेत कामाला. चर्चमध्ये तीन रविवार नावं पुकारून झाली होती, मांडव पडला होता, पत्रिका माझ्या घरी येऊन गेली होती. आणि नेमका त्या प्रयोगातला निर्णायक दिवस लग्नाच्या दिवशी येत होता. औषध घातल्यावर पेशी सावरल्या की नाही ते त्याच सकाळी कळणार. प्रयोग पुढे ढकलता येत नव्हता, फादरला तारीख बदलायला सांगता येत नव्हती.

"ताई, तू जा," ती म्हणाली. "माझं लग्न आहे म्हणजे माझा सणच. करार करार आहे."

"अगं, पण मला चर्चमध्ये मिस्साला यायचंय."

"मिस्साला उशीर झाला तर चालेल. पेशींना नाही."

तर त्या सकाळी मी लग्नाची साडी पिशवीत घालून कामावर गेले. इमारतीत कोणी नव्हतं. पेटी उघडली, बशी काढली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, आणि डोळा लावायच्या आधी खरंच देवाचं नाव घेतलं. कोणत्या देवाचं ते आता आठवत नाही.

औषध न घातलेल्या बशीत तीच पसरापसर. औषध घातलेल्या बशीत पुंजके गोळा झाले होते. सगळे नाहीत. काही फार पुढे गेलेले ते गेलेच होते. पण बहुतेक गोल, फुगीर, कडा चकाकणाऱ्या. मी फोटो काढले, खुराक बदलला, साडी नेसले आणि निघाले.

नंदाखालला पोचले तेव्हा मिस्सा संपून मंडळी मांडवात आली होती. बँड वाजत होता. स्टेजवर जेसिंता पांढऱ्या झग्यात, विल्सन काळ्या सुटात, आणि शुभेच्छा द्यायला लांबलचक रांग. रांगेत माझ्या पुढे पारेखभाई, शाकाहारी जेवण कुठल्या टेबलावर आहे याची चौकशी करत. मी रांगेत उभी राहिले, पण जेसिंताने मला लांबूनच पाहिलं. पुढच्या पाहुण्याचा हात तसाच सोडून ती स्टेजच्या कडेला आली आणि सगळ्यांदेखत ओरडली, "ताई! काय झालं?"

"परतल्या!" मी ओरडले. "बहुतेक सगळ्या!"

ती झगा उचलून पायऱ्या उतरली आणि मला मिठी मारून एवढी उड्या मारायला लागली की डोक्यावरची जाळी सुटून माझ्या खांद्यावर आली. तिची आई घाबरून धावत आली. "काय झालं? कोण परतलं? कुठले पाहुणे परत गेले?"

"कोणी गेलं नाही, आई. पेशी!"

आईने कपाळाला हात लावला. विल्सन खाली उतरून जाळीच्या टाचण्या गोळा करत होता. गोळा करता करता त्याने मला विचारलं, "ताई, मग आता त्यांना उद्या खायला कोण घालणार?"

"उद्या मी."

"आणि परवा?"

मी काही बोलायच्या आत जेसिंता म्हणाली, "परवा मी."

"परवा?" आईचा आवाज चढला. "लग्नाला दोन दिवस नाही झाले तोच? लोक काय म्हणतील? विल्सनच्या घरचे काय म्हणतील?"

विल्सनने सगळ्या टाचण्या जेसिंताच्या हातात दिल्या. "आमच्या घरी मी सांगतो," तो म्हणाला. "सकाळी स्टेशनला स्कूटरवर सोडतो. किती वाजता निघायचंय?"

तिसऱ्या दिवशी मीही मुद्दाम गेले. ती येईल की नाही ते बघायला नव्हे, येणार हे मला ठाऊक होतं. ती आली. हाताला अजून फुलांचा वास होता. हात धुतले, हातमोजा चढवायला लागली तर बोटातली नवी अंगठी आडवी आली, मोजा टरकला. तिने अंगठी काढली आणि ठेवायला जागा शोधू लागली. बशीशेजारी ठेवायची नाही, खिशात विसरायची भीती.

"दे इकडे," मी म्हणाले.

तिने ती माझ्या करंगळीत घातली, नवा मोजा चढवला आणि पेटीचं दार उघडलं. ती खुराक बदलत होती तेवढा वेळ मी नवऱ्या मुलीची अंगठी घालून तिच्या शेजारी उभी होते.